१८६ नकाशा-थरांचा मुक्त कॅटलॉग: प्रकल्प नोंदी, जून ते ऑगस्ट २०२५

आमची संस्था संगमनेर आणि अकोले तालुक्यांत पंचवीसेक वर्षं पाणलोटाचं काम करते. सलग समतल चर, माती नालाबांध, विहिरींच्या पातळ्या, गावशिवारांच्या हद्दी, जमिनीचा उतार, या सगळ्याचे नकाशा-थर दोन हार्ड डिस्कांवर पडून होते. कुठला थर कुणी, कधी आणि कशावरून केला हे कळायचं तर आधी माणूस शोधावा लागे. बाहेरच्यांनाही हे थर सापडावेत, आणि त्यासाठी त्यांना आमच्या वेबसाइटवर यावं न लागता स्वतःच्या क्यूजीआयएस या मुक्त नकाशा-सॉफ्टवेअरमधूनच शोधता यावेत, म्हणून मुक्त मानकांवर चालणारा मेटाडेटा कॅटलॉग, म्हणजे प्रत्येक थराची माहिती देणारी, शोधता येणारी सूची उभारायचं ठरलं. मी संस्थेत जीआयएसचं, म्हणजे संगणकीय नकाशांचं काम बघते, सर्व्हर चालवायचा अनुभव जेमतेम. हेच काम हाती घेणाऱ्या दुसऱ्या कुणाचे दिवस वाचावेत म्हणून या नोंदी ठेवल्या.

२ जून, सोमवार

आज फक्त मोजणी. १८६ थर. त्यांत 'फायनल', 'फायनल२', 'फायनल_नवीन' अशा जोड्या-तिड्या बऱ्याच. प्रत्येक जोडीतल्या घटकांची संख्या आणि बदलाची तारीख ताडून २३ प्रती बाजूला काढल्या. उरले १६३.

या १६३ पैकी ३१ शेपफाइलींना (नकाशा-थर साठवायच्या फाइलींना) पीआरजे फाइलच नाही, म्हणजे थर कोणत्या निर्देशांक पद्धतीत आहे हे लिहिलेलंच नाही. त्यांतल्या काही जुन्या टोपोशीटवरून, म्हणजे सर्वे ऑफ इंडियाच्या छापील नकाशांवरून काढलेल्या असणार, कारण उपग्रहचित्रावर ठेवल्या की प्रवरा नदी पात्राशेजारच्या उसातून वाहते. जुन्या टोपोशीट एव्हरेस्ट गोलाभावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या मापावर बेतलेल्या. या थरांना त्याच मापावरची कल्याणपूर १९७५ ही निर्देशांक पद्धती (अशा पद्धतींच्या ईपीएसजी यादीत क्रमांक ४१४६) दिल्यावर नदी पात्रात आली. प्रत्येक थर असा डोळ्यांनी तपासावा लागला. यात संध्याकाळ गेली.

५ जून, गुरुवार

जिओनेटवर्क हे कॅटलॉगचं सॉफ्टवेअर लावून पाहिलं. फार समर्थ आहे, नोंदी भरायला आयता फॉर्म आहे. पण चौथ्या आवृत्तीपासून त्याला सोबत इलॅस्टिकसर्च हे शोधयंत्र लागतं, आणि आमचा भाड्याचा सर्व्हर २ जीबी मेमरीचा. दोन्ही एकदम सुरू केले की मशीन गळपटायचं. मोठा सर्व्हर घ्यायचा तर भाडं तिप्पट. आमच्या १६३ नोंदींसाठी तेवढा खर्च मला पटेना. दोन दिवस गेले. ज्यांच्याकडे हजारो नोंदी आणि त्या भरणारी दहा माणसं आहेत त्यांनी तेच घ्यावं.

१० जून, मंगळवार

पायसीएसडब्ल्यू निवडलं. पायथॉनमध्ये लिहिलेला लहानसा कॅटलॉग सर्व्हर. नोंदींच्या एकाच साठ्यावरून कॅटलॉगला प्रश्न विचारायचं जुनं मानक सीएसडब्ल्यू २.०.२ बोलतो आणि नवं ओजीसी एपीआय रेकॉर्ड्सही. आम्हाला दोन्ही हवीत. जुनं मानक २००७ सालचं असलं तरी सरकारी आणि विद्यापीठांची बरीच सॉफ्टवेअरं अजून तेच समजतात. नवं मानक साध्या ब्राउझरमध्येही उघडतं.

दीड दिवस एका फालतू कारणाने गेला. २.६ पर्यंतच्या आवृत्त्यांत कॉन्फिगरेशन डिफॉल्ट डॉट सीएफजी या फाइलमध्ये असतं, तिसऱ्या आवृत्तीपासून यामल (साध्या मजकुराची एक मांडणी) फाइलमध्ये. मी शोधून काढलेले लेख जुन्या आवृत्तीचे होते आणि डॉकरमधून (सॉफ्टवेअर तयार डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये चालवायची सोय) उतरवलेला सर्व्हर नवा. सीएफजी फाइल बदलत राहिले, सर्व्हरने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. कोणताही लेख वाचण्याआधी तो कुठल्या आवृत्तीचा आहे ते बघा.

१४ जून, शनिवार

मेटाडेटा भरायचा तक्ता केला. आयएसओ १९११५ या मेटाडेटाच्या मानकात शेकडो रकाने आहेत, मी उत्साहात त्यातले २२ एक्सेलमध्ये मांडले आणि तिघा सहकाऱ्यांना पाठवले. चार दिवसांत एकूण सात ओळी भरून आल्या, त्याही अर्धवट.

मग कात्री लावली. राहिले ११: ओळखक्रमांक, शीर्षक, चार ओळींचं वर्णन, कोणी केलं, केव्हा केलं, कशावरून केलं, चतुःसीमा, निर्देशांक पद्धती, विषय, शब्दखुणा, वापराच्या अटी. विषयासाठी मानकातच १९ ठरलेले वर्ग आहेत. आमचे थर त्यातल्या चारांत बसतात, म्हणून चारच पर्याय यादीत ठेवले. बाकीचं सगळं, म्हणजे संस्थेचा पत्ता, भाषा, मानकाचं नाव, स्क्रिप्ट आपोआप भरते. भाषेच्या जागी 'एमएआर' हा तीन अक्षरी कोड.

'कशावरून केलं' हा रकाना काढून टाकू असं एक सहकारी म्हणाला, कारण तोच सगळ्यांत जास्त रिकामा राहत होता. मी ठाम नाही म्हटलं. तो नसेल तर उरलेल्या दहा रकान्यांना फारसा अर्थ नाही.

१९ जून, गुरुवार

एक्सेलच्या प्रत्येक ओळीतून एक यामल फाइल, आणि त्या यामलमधून पायजिओमेटा हे साधन वापरून आयएसओ १९१३९ चं (१९११५ च्याच मांडणीचं) एक्सएमएल, अशी साखळी बसवली. एक्सएमएल हाताने लिहायच्या भानगडीत पडू नका.

पहिल्याच फेरीत ४० फाइली फुटल्या. कारण शीर्षकातला अपूर्णविराम. 'आढळा खोरे: पाझर तलाव' असं लिहिलं की यामलला वाटतं अपूर्णविरामाच्या पुढे नवी किंमत सुरू झाली. शीर्षकं अवतरणचिन्हांत घातली, प्रश्न मिटला.

पण त्याच शोधात दुसरी गोष्ट हाती लागली. आपल्याकडे टंकताना विसर्गाच्या जागी सर्रास अपूर्णविराम टाकतात. 'जलपुन:भरण' हा शब्द आमच्या १७ नोंदींत अपूर्णविरामाने लिहिलेला होता, पाचांत खऱ्या विसर्गाने. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण शोधताना संगणकाला हे दोन वेगळे शब्द. दोन देवनागरी अक्षरांच्या मध्ये अपूर्णविराम आला की विसर्ग करायचा, एवढी एक ओळ स्क्रिप्टमध्ये वाढवली.

२४ जून, मंगळवार

सगळ्या नोंदी चढवल्या. क्यूजीआयएसच्या मेटासर्च या कॅटलॉग शोधायच्या सोयीतून जोडणी केली, नकाशा संगमनेरवर नेला, 'या क्षेत्रातलं शोधा' म्हटलं. शून्य.

एक नोंद उघडून तिची चौकट (चतुःसीमा) नकाशावर टाकली तर ती आर्क्टिक महासागरात, नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर आयलंडच्या थोडीशी आग्नेयेला. संगमनेर आहे १९.५७ अक्षांश, ७४.२१ रेखांशावर. हेच आकडे उलटे वाचले की नेमकं तिथे पोहोचतं.

चूक आमच्या तक्त्याची. आपण बोलतो 'अक्षांश-रेखांश', म्हणून मी रकानेही त्याच क्रमाने ठेवले होते. पायजिओमेटाच्या यामलमध्ये चौकट आधी रेखांश, मग अक्षांश अशी लागते. स्क्रिप्टमध्ये क्रम बदलला.

तरीही माझ्या चाचणीच्या प्रश्नाला शून्यच उत्तर. त्यात आणखी तीन तास. ईपीएसजी ४३२६ या नेहमीच्या अक्षांश-रेखांश पद्धतीच्या अधिकृत व्याख्येत आधी अक्षांश येतो, मग रेखांश. सीआरएस८४ ही तीच पद्धती, पण क्रम उलट. सीएसडब्ल्यूला पूर्ण यूआरएन (पद्धतीचं लांबलचक अधिकृत नाव) देऊन ४३२६ मध्ये विचारलं तर अक्षांश आधी द्यावा लागतो. ओजीसी एपीआयला काही न सांगता चौकट दिली तर तो सीआरएस८४ धरतो, म्हणजे रेखांश आधी. आता भिंतीवर कागद चिकटवलाय: 'नोंदीत रेखांश आधी, सीएसडब्ल्यूत अक्षांश आधी, एपीआयत रेखांश आधी.' चाचणी म्हणून भंडारदऱ्याची एक नोंद ठरवून ठेवली आहे. काहीही बदललं की आधी ती नकाशावर भंडारदऱ्यालाच दिसते ना, ते बघायचं.

१ जुलै, मंगळवार

आजचा दिवस या कामातला सगळ्यांत मोलाचा. संस्थेचे जुने सर्वेक्षक काका, आता निवृत्त, ऑफिसात आले. मी त्यांना 'कशावरून केलं' रिकामे असलेले ५८ थर एकेक करून दाखवले.

'विहिरी_फायनल' उघडला. फाइलची तारीख २००४ ची, म्हणून मी तक्त्यात २००४ लिहिलं होतं. काकांनी पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "अगं, दोन हजार चार कुठलं? हे माझ्या हातचं आहे. धाकटीचं लग्न झालं त्या उन्हाळ्यातलं. नव्व्याण्णव."

"काका, मग चार साली काय झालं?"

"चार साली नवा संगणक आला, त्यावर उतरवून घेतलं. एवढंच."

वाचायला पाच वर्षांचा फरक एवढासाच वाटतो, पण गोष्ट तेवढ्यावर थांबत नाही. मे २००० पर्यंत अमेरिका नागरी जीपीएसचा सिग्नल मुद्दाम बिघडवून सोडत असे. हातातल्या यंत्राचं वाचन शंभर मीटरपर्यंत सहज चुकायचं. २००४ ची विहीर दहा-पंधरा मीटरच्या आत असेल असं कुणीही धरून चालेल, १९९९ ची विहीर मात्र शेजाऱ्याच्या गटातही दिसू शकते. याच थरावरून गेल्या वर्षी आम्ही दोन विहिरी 'ओढ्याच्या पात्रात' दाखवल्या होत्या आणि गावकऱ्यांनी ते खोडून काढलं होतं. तेव्हा आम्हाला वाटलं गावकरी चुकत आहेत. त्या गावाला फोन करून चूक आमची होती असं सांगितलं.

नोंदीत आता असं लिहिलंय: 'हातातल्या जीपीएसने १९९९ मध्ये घेतलेली स्थाने, चूक शंभर मीटरपर्यंत असू शकते, गटनिहाय निष्कर्षांसाठी वापरू नये.'

५८ पैकी ३९ थरांचा उगम काकांनी एका दिवसात सांगितला. मी भराभर लिहून घेत होते. जेवायला उठायची आठवण दोघांनाही राहिली नाही.

९ जुलै, बुधवार

सर्व्हर बाहेर खुला केला, पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर. माझ्या मशीनवरून सगळं चाललं. नाशिकच्या मैत्रिणीने जोडणी केली तर कॅटलॉगचं नाव दिसतं, पण शोधलं की त्रुटी.

कारण असं: सीएसडब्ल्यू आधी स्वतःच्या क्षमतांची यादी पाठवतो. पुढचे प्रश्न कोणत्या पत्त्यावर विचारायचे, हे त्या यादीतच लिहिलेलं असतं. आमच्या यादीत पत्ता होता 'लोकलहोस्ट ८०००'. म्हणजे मैत्रिणीचं क्यूजीआयएस आमचा कॅटलॉग तिच्याच संगणकावर शोधत होतं. कॉन्फिगरेशनमध्ये सर्व्हरचा खरा पत्ता घातला, दहा मिनिटांत झालं. आपल्याच मशीनवरून केलेली चाचणी ही चाचणी नव्हे. बाहेरचा माणूस बसवा.

११ जुलै, शुक्रवार

डॉकरचा कंटेनर नव्याने उभा केला आणि सगळ्या नोंदी गेल्या. एसक्यूलाइटची, म्हणजे नोंदींच्या डेटाबेसची फाइल कंटेनरच्या आत ठेवली होती. एक्सएमएल फाइली बाहेर शाबूत होत्या, त्यामुळे पुन्हा चढवायला २० मिनिटं लागली. आता डेटाबेस बाहेरच्या फोल्डरमध्ये.

१५ जुलै, मंगळवार

एका महाविद्यालयातली विद्यार्थिनी आमचा कॅटलॉग त्यांच्या कॅटलॉगमध्ये ओढून घेत होती. तिचा निरोप: "ताई, तुमच्याकडे दहाच नोंदी आहेत का?"

सीएसडब्ल्यूला किती नोंदी हव्यात हे सांगितलं नाही तर तो दहाच देतो. सोबत 'पुढची नोंद अकरावी' असंही सांगतो, पण ते वाचून पुन्हा विचारायचं काम विचारणाऱ्याचं. तिची स्क्रिप्ट एकदाच विचारून थांबत होती. पुढच्या नोंदीचा आकडा शून्य येईपर्यंत विचारत राहायचं, असं तिला सांगितलं. मग सगळ्या उतरल्या, पण १६३ ऐवजी १६१! दोन जोड्यांना आम्ही एकच ओळखक्रमांक दिला होता. चढवताना डेटाबेसने दुसरी नोंद नाकारली होती आणि त्रुटीची ती ओळ मी वाचलीच नव्हती. तिने मोजलं नसतं तर कळलंही नसतं.

ओळखक्रमांक आता शीर्षकावरून बनवत नाही. एकदा दिलेला क्रमांक शीर्षक बदललं तरी तोच राहतो.

२२ जुलै, मंगळवार

'खोऱ्यातील विहिरी' असं शोधलं. आठ यायला हव्या होत्या, आल्या तीन.

यात दोन दिवस गेले, पण मराठीत कॅटलॉग करणाऱ्या प्रत्येकाला हे लागेल म्हणून सविस्तर लिहिते. 'खोऱ्या'मधला चंद्रकोरीसारखा र दोन तऱ्हांनी टंकता येतो. एक, नुक्तावाला ऱ, मग हलन्त. दुसरी, साधा र, हलन्त आणि मग न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. आमच्या तिघांच्या कळफलकांपैकी दोघांचे पहिल्या तऱ्हेचे, एकाचा दुसऱ्या. युनिकोडचं प्रमाणीकरण लावून पाहिलं, त्याने हे दोन एक होत नाहीत. शेवटी स्वतः नियम लिहिला: र, हलन्त आणि जोडचिन्ह असा क्रम आला की ऱ आणि हलन्त करायचं. फक्त या क्रमातच, कारण तेच जोडचिन्ह दुसरीकडे मुद्दाम वापरलेलं असू शकतं. पण हा इलाज आमच्या नोंदींपुरताच, शोधणाऱ्याच्या कळफलकावर आमचा ताबा नाही. म्हणून असा शब्द शीर्षकात असेल तिथे स्क्रिप्ट दुसऱ्या तऱ्हेचं रूपही शब्दखुणांत टाकते.

एवढं करून आठही आल्या. मग सहकाऱ्याने नुसतं 'विहीर' शोधलं आणि पुन्हा शून्य. शीर्षकात 'विहिरी', 'विहिरींची'. एकवचनात ही दीर्घ, अनेकवचनात ऱ्हस्व, आणि सर्व्हर तर अक्षरामागून अक्षर जुळवतो. 'ओढा' शोधलं तर 'ओढ्यावरील' सापडत नाही, 'खोरे' शोधलं तर 'खोऱ्यातील' नाही. सामान्यरूप त्याला कळत नाही. उपाय साधा पण हाताचा: प्रत्येक नोंदीच्या शब्दखुणांत नामाचं मूळ रूप आणि अनेकवचन दोन्ही. खोरे, खोरी. विहीर, विहिरी. ओढा, ओढे. १६३ नोंदींना सहा तास लागले. माणूस त्याच्या तोंडी असलेला शब्द टाइप करणार, आणि तो शब्द नोंदीत असायलाच हवा.

२ ऑगस्ट, शनिवार

गावांची आणि ठिकाणांची नावं. जिल्हा २०२४ मध्ये अहिल्यानगर झाला. आमच्या जुन्या थरांत अहमदनगर, आणि बोलताना आम्ही सगळे नगर म्हणतो. तिन्ही शब्दखुणांत. भंडारदऱ्याचं धरण जुन्या कागदांत विल्सन डॅम आहे आणि त्याचा जलाशय आर्थर लेक. तीही तिन्ही. अकोले तालुका जुन्या कागदांत 'अकोला' असाही आढळतो, आणि तसा शोध घेतला की माणूस विदर्भात जातो. म्हणून नावासोबत जनगणनेचा कोडही.

या कोडांनी दुसरा एक डोंगर हलवला. २६ थरांच्या तक्त्यांत गावांची नावं युनिकोडपूर्व फाँटमध्ये होती, उघडल्यावर नुसती चिन्हांची खिचडी. फाँट बदलून देणाऱ्या स्क्रिप्टा वापरून पाहिल्या, जोडाक्षरं तुटली. मग लक्षात आलं की शेजारच्याच रकान्यात २०११ च्या जनगणनेचा सहा अंकी ग्रामकोड आहे. जनगणनेच्या यादीशी कोडाने जोड लावली आणि नावं शुद्ध मराठीत आली. खिचडीचा रकाना पुसला नाही, मूळ म्हणून तसाच ठेवला.

८ ऑगस्ट, शुक्रवार

नऊ थरांत शेतकऱ्यांची नावं, गट नंबर आणि कर्जाच्या नोंदी निघाल्या. या थरांची नोंद कॅटलॉगमध्ये आहे, उतरवायचा दुवा मात्र नाही. असा थर आहे हे लोकांना कळलं पाहिजे, आणि आतलं नाव त्या शेतकऱ्याचंच राहिलं पाहिजे. टोपोशीटचे स्कॅनही दिलेले नाहीत, ते आमचे नाहीत. त्यावरून काढलेले थर आहेत, उगम स्पष्ट लिहून.

खर्चाचा हिशेब: सर्व्हरचं भाडं महिना ८५० रुपये, डोमेन वर्षाला ९०० च्या आसपास, सॉफ्टवेअर फुकट. वेळ साधारण १३० तास. सर्व्हर आणि मानकांच्या चुकांत त्यातले ३५ गेले. उरलेले सगळे वर्णन लिहिण्यात, नावं जुळवण्यात आणि माणसांना विचारण्यात. कुणी निधी मागताना फक्त सर्व्हरचा खर्च धरत असेल तर त्याने हा आकडा जरूर बघावा.

२४ ऑगस्ट, रविवार

काकांच्या घरी गेले, लॅपटॉप घेऊन. राहिलेल्या १९ थरांसाठी. काकूंनी चहा ठेवला. आधी मी काकांना विहिरींची छापील नोंद वाचायला दिली, त्यांचं नाव 'कोणी केलं' या रकान्यात लिहिलेली. त्यांनी चष्मा पुसून ती दोनदा वाचली, मग काही न बोलता आत गेले आणि निळ्या पुठ्ठ्याची एक वही घेऊन आले. पानांना वाळवी लागलेली, पण पेन्सिलीचे आकडे स्वच्छ. प्रत्येक विहिरीपुढे तारीख, पाण्याची खोली, मालकाने सांगितलेलं काही.

"अगं, उन्हाळा म्हटलं मी तुला. तसं नाही. हे बघ, चौदा ते बावीस जून. मृगाचा पाऊस होऊन गेला होता."

म्हणजे पाण्याच्या या पातळ्या पावसाआधीच्या नाहीत. आम्ही त्या आजवर दुष्काळाच्या तुलनेत मे महिन्याच्या म्हणून वापरत आलो होतो. तिथेच बसून तक्त्यात काळ बदलला, १४ ते २२ जून १९९९, आणि वर्णनात 'पहिल्या पावसानंतरच्या पातळ्या' असं घातलं. उगमाच्या रकान्यात वहीचा उल्लेख केला. मोबाइलच्या नेटवर नोंद पुन्हा चढवली, ओळखक्रमांक तोच.

१९ पैकी सात थर काकांनी ओळखले. १२ राहिले. ते कॅटलॉगमधून काढून ठेवले आहेत, म्हणजे आज १५१ नोंदी खुल्या आहेत. वहीची ९६ पानं. काकांनी ती घरी न्यायला दिली आहे, उद्यापासून स्कॅन करायला घेते.